घेरातला घोडा

गेल्या आठवड्यात प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या नव्या पाइपसाठी खोल चर खणला. मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. वरची डांबर-खडी निघाली, मग विटांचे तुकडे, चपलेचा तळ, कुणाची तरी फुटलेली बशी असं काहीबाही निघत गेलं, आणि मग एकदम पांढरट, ओलसर मुरूम लागला. त्याचा वास आला. ज्या मातीनं फार काळ ऊन पाहिलेलं नसतं तिचा वास वेगळाच असतो. थंड, किंचित खारट, रिकाम्या माठात तोंड घातल्यासारखा. नातसून म्हणाली, "आजी, धूळ उडून राहिली, आत चला." मी आत येऊन खुर्चीत बसले, पण तो वास माझ्या मागोमाग आत आला आणि दुपारभर गेलाच नाही. हा वास आयुष्यात याआधी मी एकदाच घेतला होता. तेव्हा मी नवी नवरी होते, आणि माझी थोरली जाऊ कौसल्याबाई, आमची कौसाबाई, माझं मनगट इतकं घट्ट धरून उभी होती की माझी एक बांगडी वाढली होती.

आमचं सासरचं गाव नागपूरहून काटोलला जाणाऱ्या रस्त्याला. टेकड्या सुरू होतात तिथून डावीकडे बैलगाडीची वाट फुटायची. इंग्रजांचं राज्य होतं, मालगुजारांचा, म्हणजे जमीनदारांचा, वट होता आणि मोठी लढाई सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी त्या घरात आले ती तुरीच्या शेंगा उकडण्याच्या दिवसांत. संध्याकाळी सगळ्या घरांतून एकच वास यायचा, मिठाच्या पाण्यात शिजणाऱ्या हिरव्या शेंगांचा. अंगणात पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटायचा, बाया सोलत-खात बसायच्या आणि टरफलांचा ढीग सकाळी गाईपुढे पडायचा. पुढे कित्येकदा मी तशा शेंगा उकडून पाहिल्या. वास तोच येतो, पण त्यात धूर नसतो आणि माणसं नसतात.

टेकडीच्या उताराला आमचं एक वावर होतं. सगळे त्याला घेराचं वावर म्हणत. वावराच्या मधोमध काळेभोर दगड गोल मांडलेले होते, एकेक दगड माणसाच्या कमरेएवढा. गावातली सगळी गुरं आत बसतील एवढा मोठा तो घेर, आणि मध्ये मातीचा बुटका उंचवटा. कोणी मांडला, कधी मांडला, कोणालाच माहीत नव्हतं. जुनी माणसं म्हणत, गवळी राजे इथं गुरं राखत, त्यांचं हे ठाणं. आमची कपाशी दगडांना चिकटून उभी असायची, पण घेराच्या आत कधी नांगर गेला नाही. आत नुसतं कुसळीचं गवत, सीताफळाची झुडपं आणि एक वाकडा पळस. पोळ्याच्या दिवशी बैल आधी घेरापुढं उभे करत आणि मगच तोरणाखाली नेत.

घेराला आणखी एक गोष्ट होती, पण ती बायांमध्येच राहायची. मला ती लग्नानंतर महिन्याभरानं कळली. कौसाबाई रोज दुपारी "सांबार खुडून आणते" म्हणून टोपली घेऊन निघायची. एक दिवस सासूबाईंनी मला तिच्या मागं पाठवलं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावलेला होता विहिरीजवळ, आणि ती तर विहीर ओलांडून घेराकडे चाललेली. उगवतीच्या बाजूला दोन मोठ्या दगडांच्या सावलीत ती बसली. तिथं गवतात लहान लहान धोंडे ठेवलेले दिसले, मुठीएवढे, काही शेवाळून काळे पडलेले. एक धोंडा नवा होता. तिनं त्याच्यावरची वाळकी पानं हातानं बाजूला केली, कोणी झोपलेल्या पोराच्या कपाळावरचे केस सारावेत तशी.

"इथं मोठ्या मान्साईले नाही आणत," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "ज्याइले जाळत नाही ना, त्याइले आणते. दात नाही आलेले."

आदल्या पावसाळ्यात तिची पाच महिन्यांची मुलगी गेली होती. भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला कापडात गुंडाळून भर पावसात इथं आणलं होतं. कौसाबाईला येऊ दिलं नव्हतं. कोणता धोंडा ते तिनं नंतर स्वतःच ओळखून काढलं. घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. पाळणा माळ्यावर उलटा टाकला होता आणि त्यावर कांद्याच्या जाळ्या ठेवल्या होत्या. त्या दिवसापासून मी दुपारी तिच्याबरोबर जाऊ लागले. फार बोलत नसू. मी गवताची काडी चावत बसायची. वाऱ्यानं कपाशीच्या वाळक्या पानांचा खुळखुळ आवाज व्हायचा, लांब मोटेचं चाक कुरकुरायचं.

माघात साहेब आले. मालगुजाराच्या संत्र्याच्या बागेत पांढरे तंबू लागले. बहार धरलेला होता, झाडं फुलांनी पांढरी झालेली, आणि त्या वासात कंदिलाच्या रॉकेलचा वास मिसळून तो थेट आमच्या अंगणापर्यंत यायचा. साहेब म्हणजे गोरा नव्हता, पुण्याकडचा आपलाच माणूस होता. डोक्यावर टोप, डोळ्यांना चश्मा, बोलणं एकदम शुद्ध. सरकारनं त्यांना जुन्या वस्तू शोधायला पाठवलं होतं. मालगुजारानं मामाजींना, माझ्या सासऱ्यांना बोलावून सांगितलं की तुमच्या वावरातला घेर खोदायचा आहे. मामाजी हो म्हणून आले. नाही म्हणायची तेव्हा रीतच नव्हती.

त्या दिवशी कौसाबाईनं ताटावरून हात उचलला. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. मी भाकर घेऊन गेले तर म्हणाली, "ते सारं उकरतीन. त्याइले काय मालूम, कोन कुठं निजलं हाये."

"मामाजीले सांगा ना."

"त्याइले ठावूक नाही का? त्याइचे स्वताचे दोन तिथंच हायेत."

मग तिनं तोंड धुतलं, कुंकू लावलं, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि मला म्हणाली, "चाल वं." सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. त्यांनी आम्हाला जाताना पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा वाती वळू लागल्या.

घरची सून परक्या पुरुषाच्या तंबूपाशी जाते, असं आमच्याकडे कधी घडलं नव्हतं. साहेब टेबलावर कागद पसरून बसले होते. कौसाबाई दहा हात लांब, संत्र्याच्या झाडाला धरून उभी राहिली आणि झाडाशी बोलावं तसं बोलली.

"सायेब, उगवतीकडं खोदू नोका. तिथं आमचे लेकरं हायेत."

साहेबांना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, तेच शब्द, तितक्याच हळू आवाजात. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं. ते उठून उभे राहिले आणि टोप काढून हातात धरला.

"मला कुणी सांगितलं नाही, बाई," ते म्हणाले. "त्या बाजूला कुदळ लागणार नाही. माझा शब्द आहे. आम्ही फक्त मधला भाग खोदू."

"मंधात कोन हाये?"

"कुणी लढवय्या असेल. असे घेर या भागात पुष्कळ आहेत. त्यांत घोडा सापडतो, हत्यारं सापडतात."

कौसाबाईनं थोडा विचार केला. "मंग त्याचं कोनी नाही राह्यलं का?" तिनं विचारलं.

त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी उगवतीच्या बाजूला चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती आणि कामावरचा एकही माणूस ती ओलांडत नव्हता. मध्ये खणणं सुरू झालं. कुदळीचा आवाज रोज थोडा थोडा बदलत गेला. वरच्या मातीत तो मऊ होता, मुरमात खणखणीत झाला, आणि मग एका सकाळी कुदळी थांबल्याच. कुंचले आणि लहान सुऱ्या बाहेर आल्या. चाळणीचा आवाज तेवढा चालू राहिला. सरसर, सरसर. धान्य पाखडल्यासारखा तो आवाज असायचा, पण धान्याचा वास नसायचा. तो खोल मातीचा वास असायचा.

आधी घोडा निघाला. हाडं चुन्यासारखी भुसभुशीत झालेली, बोट लावलं की पीठ व्हायची. पण दात जसेच्या तसे होते, पिवळे, लांब. तोंडात लोखंडाची कडी, गंजून मातीच्याच रंगाची झालेली. आणि कपाळापासून नाकापर्यंत तांब्याचा पत्रा बसवलेला, हिरवा पडलेला, त्यावर खिळ्यांची नक्षी. लग्नातला घोडा असतो ना, तसा सजवून त्याला खाली घातलं होतं. सगळं गाव लोटलं. कोणी नारळ आणला, कोणी गुलाल. बाया घेराच्या बाहेर उभ्या राहून हात जोडत होत्या. मलाही भरून आलं. कपाशीच्या मुळांशेजारी, आमच्या रोजच्या वाटेपासून हाकेवर, इतका काळ एक घोडा निजलेला होता आणि आम्ही त्याच्यापुढं बैल उभे करत होतो.

साहेबांना वाटत होतं की शेजारी स्वार असणार. भाला असेल, तलवार असेल. त्यांनी घोड्याच्या पुढच्या पायांपासून बाजूला खणायला लावलं. तिथं एक काळं-तांबडं मडकं निघालं, चकाकणारं, काल भट्टीतून काढल्यासारखं. मग लाल मणी निघाले, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. तलवार निघाली नाही. साहेब स्वतः गुडघ्यांवर बसले. त्यांनी कुंचल्यानं माती झाडली, थांबले, चश्मा पुसला, पुन्हा झाडली.

"काय निंगालं, सायेब?" मामाजींनी विचारलं.

साहेबांनी तळहात पुढे केला. त्यावर तांदळाच्या दाण्यांहून थोडे मोठे, पांढरेशुभ्र असे चार-पाच कण होते.

"दुधाचे दात आहेत," ते म्हणाले. "हे मूल आहे."

मघाशी नारळ फोडणारी माणसं दोन पावलं मागं सरली. तेव्हाच कौसाबाईनं माझं मनगट धरलं आणि बांगडीचा तुकडा माझ्या हातात रुतला. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, भासरे उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि टेकडीकडे पाहत राहिले, पाठ आमच्याकडे करून.

मग कौसाबाई खड्ड्याभोवती बांधलेली दोरी ओलांडून आत गेली. तिला कोणी अडवलं नाही. खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून तिनं विचारलं, "पोट्टी का पोट्टा?"

"ते सांगता येत नाही, बाई. हाडं विरघळून गेली. दातांवरून एवढंच दिसतं की वर्ष-दोन वर्षांचं असेल."

"कवाचं?"

"फार जुनं. तेव्हा नागपूर नव्हतं. भोसले नव्हते, त्यांच्या आधीचे गोंड राजेही नव्हते. हे तुमचं गावही नव्हतं."

"माय होती ना पन," कौसाबाई म्हणाली.

त्या दुपारी आम्ही दोघी विहिरीवर कपडे धुवायला गेलो. ती लुगडं आपटत होती आणि मध्येच थांबली. "वर्साचं लेकरू," ती म्हणाली. "लांब जायाचं होतं. धड चालता येत नसन त्याले. मनून घोडा देल्ला." पाण्यात साबणाचा फेस फुटत होता. "म्या तिले काहीच नाही देल्लं वं. एक फडकं देल्लं. तेबी जुनं."

आमच्या घरात भिंतीतल्या देवळीत एक लाकडी बैल होता, तान्ह्या पोळ्याचा. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं असे चाकांचे बैल सजवून मिरवतात. भासरे आणि हे लहानपणी तोच ओढायचे. त्याचं एक शिंग मोडलेलं होतं. त्या संध्याकाळी देवळी रिकामी दिसली. चुन्याच्या रेघेपलीकडच्या नव्या धोंड्याजवळची माती ताजी उकरलेली होती आणि पुन्हा नीट थोपटून सारखी केलेली होती. सासूबाईंनी देवळीकडे पाहिलं, कौसाबाईच्या नखांतल्या मातीकडे पाहिलं, आणि देवळीत एक पणती आणून ठेवली.

चार दिवसांनी साहेबांचं काम आटोपलं. लाकडी खोक्यांत गवत अंथरून वस्तू ठेवू लागले. तांब्याचा पत्रा, कडी, मडकं, मणी. दात कापसात गुंडाळून एका डबीत. कौसाबाई पुन्हा बागेत गेली, या वेळी झाडाला न धरता.

"लेकरू ठेवून जा, सायेब. बाकी सारं न्या."

"ते माझ्या हातात नाही, बाई. आता ही सरकारची वस्तू झाली."

"सरकार काय करन त्याचं?"

साहेबांनी डबीचं झाकण नीट बसवलं. ते वाईट नव्हते. आज मला वाटतं, त्यांनाही रात्री झोप लागत नसेल. ते म्हणाले, "तिथं ते जपून ठेवतील. इथं पावसानं वाहून जाईल." मग त्यांनी ती डबी उघडी करून एका खुर्चीवर ठेवली आणि स्वतः तंबूबाहेर निघून गेले. कौसाबाई जमिनीवर बसली. तिनं डबीभोवती पदर धरला, जणू वारा लागेल. सूर्य टेकडीमागं जाईपर्यंत ती तशीच बसून होती. ओठ हलत होते. मी कान दिला तेव्हा कळलं की ती अंगाई म्हणते आहे, शब्द गिळून, नुसता सूर.

सकाळी गाड्या निघून गेल्या. काटोल रस्त्यापर्यंत बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला. तंबूंच्या जागी गवत पिवळं पडलेलं होतं आणि संत्र्याची फुलं गळून त्यावर पडत होती.

घोड्याची हाडं मात्र त्यांनी नेली नव्हती. ती हातात येतच नव्हती. खड्डा अर्धवट बुजवून ते गेले. त्या उन्हाळ्यात गावात बोलणं सुरू झालं. गुराख्यांनी सांगितलं की दुपारच्या वेळी घेराभोवती टापा वाजतात. कोणी म्हणालं, दगडांवर नाल घासल्यासारखा आवाज येतो. बायांनी उतारावरची वाट सोडली आणि लांबच्या वाटेनं पाणी आणू लागल्या. भासरे रागावून म्हणत, "वेड लागलं साऱ्याइले." पण तेही दुपारी त्या वावरात जाईनासे झाले.

कौसाबाई जायची. मीही जायची. एकदा वैशाखात ऊन असं होतं की हवा हलताना दिसत होती. आम्ही आपल्या जागी बसलो होतो. तिनं एकदम बोट वर केलं.

"आयकू येते का वं?"

मी ऐकलं. खरंच सांगते, ऐकलं. हळूहळू, थांबून थांबून, एक जनावर गोल फिरतं आहे. दोन पावलं चालतं, उभं राहतं, पुन्हा चालतं. मला भीती वाटली नाही. वाईट वाटलं. गोठ्यातून वासरू नेल्यावर गाय अशी फिरते.

"त्याले ठावूकच नाही, लेकरू कुठं गेलं ते," कौसाबाई म्हणाली. "तो शोधून राह्यला."

पुढच्या वर्षी बाळंतपणासाठी मी नागपुरात सक्करदऱ्याला माहेरी आले. तलावाकाठी आमचं घर होतं. मला मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर मला न्यायला भासरे दमणी घेऊन आले, आणि त्या छपराच्या गाडीत कौसाबाईही होती. ती आयुष्यात पहिल्यांदा नागपूरला आली होती. तिनं बाळाला घेतलं, वास घेतला, आणि म्हणाली, "आधी त्या घरी जाऊ, जिथं सरकार सारं ठेवते."

आम्ही त्याला अजायबघर म्हणायचो. उंच छत, थंडगार फरशी, भुसा भरलेले वाघ, दगडाचे देव. एका कोपऱ्यात काचेच्या कपाटात आमचा तांब्याचा पत्रा होता. तो घासूनपुसून लाकडाच्या घोड्याच्या तोंडाला बसवला होता. मणी दोऱ्यात ओवून खाली ठेवले होते. इंग्रजीत काही लिहिलेली चिठ्ठी होती. कौसाबाईनं सगळं कपाट वरून खालून पाहिलं. दात कुठंच नव्हते.

तिनं पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "दात-गीत? वो सब अंदर पेटीत राहते, बाई. पब्लिकसाठी नाही ते." आणि त्यानं हॉलच्या टोकाला असलेल्या एका बंद दाराकडे हात केला.

कौसाबाई माझ्या मुलीला खांद्याशी धरून त्या दाराशी गेली. हिरव्या रंगाचं दार, मोठं कुलूप. ती दाराला अगदी चिकटून उभी राहिली आणि शेजारच्या घरातल्या पोराला हाक मारावी तशा आवाजात बोलली.

"बाळा, आयक. तुहा घोडा तिकडंच हाये. घेरात. तो कुठं नाही गेला. तू भेऊ नोको." थोडं थांबून ती म्हणाली, "मी त्यालेबी सांगीन, तू इथं हायेस मनून."

पहारेकरी आमच्याकडे पाहत होता.

बाहेर आलो तर मुलगी रडायला लागली. दमणी यायला वेळ होता. मी पायरीच्या कडेला कडुलिंबाखाली बसून तिला पाजायला घेतलं. कौसाबाईनं उन्हाकडे पाठ करून आपला पदर आमच्यावर धरला. आणि मग, तशी उभी असताना, ती आपल्या मुलीबद्दल बोलायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ती दूध पिताना डाव्या पायाचा अंगठा हातात धरायची. मांजर दिसलं की हसायची, कावळ्याला घाबरायची. उजव्या कानामागं तीळ होता. शिंक आली की स्वतःच दचकायची. भासरे तिला वावरात न्यायचे तेव्हा टोपीत बसवायचे, इतकी ती लहान होती. कौसाबाई सांगत होती, मध्येच हसत होती, पदर धरलेले तिचे हात भरून आले असतील पण तिनं ते खाली घेतले नाहीत. दमणी येऊन उभी राहिली. भासरे खाली उतरले, दोन पावलं पुढं आले, ती काय बोलते आहे ते त्यांना ऐकू आलं, आणि ते बैलाच्या वशिंडावर हात ठेवून तिथंच थांबले. त्यांनी तिला घाई केली नाही.

कौसाबाईला पुन्हा मूल झालं नाही. माझी चारही तिच्या मांडीवर वाढली. ती जाऊन आता खूप वर्षं झाली, भासरे तिच्या आधी गेले, आणि घेराच्या वावरात आज कोणाकोणाची घरं उभी आहेत. ज्याचे दात कापसात ठेवले आहेत, त्याची कुठं ना कुठं नोंद तरी असेल. कौसाबाईच्या मुलीला तर दातही आले नव्हते. ती पायाचा अंगठा धरायची आणि शिंकेला दचकायची, हे या जगात आता फक्त मला ठाऊक आहे. तिचं नाव वेणू होतं.